डोळे मिटून उभं राहणं

डॉक्टर म्हणाले, पाय जुळवा, डोळे मिटा.
चांगुणाकाकी डुलली,
दोर सुटलेल्या होडीसारखी.
मी धरलं.

हीच काकी दिवाळ्याच्या खाडीत
अमावास्येला, बत्तीशिवाय,
गुडघाभर चिखलात चालायची.
दगड कुठला, कालवाची धार कुठली,
तळव्याला आधी कळायचं,
तिला मागाहून.

एकदा बिळात हात घातला.
चिंबोरीनं डेंगा मिटला न मिटला
तोच हात बाहेर.
मी विचारलं, दुखलं?
म्हणाली, थांब, आवाज अजून वर जातोय.
मग मात्र
अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशी ओरडली.

आता साखरेनं
तळव्यांचं बोलणं तोडलंय.
जोर आहे पायांत. डॉक्टरांनी दाबून पाहिला,
त्यांचाच हात मागे सरला.
पण जमीन किती खाली आहे
हे पायांना कुणी सांगत नाही,
म्हणून ती मान खाली घालून चालते,
डोळ्यांनी एकेक पाऊल मोजत,
टाचा फरशीवर आपटत.
खालचे लोक तक्रार करतात.

काल रात्री लाईट गेली.
मी चाचपडत उठले, मोबाईल सापडेना.
एकदाचा उजेड केला तर
ही स्वयंपाकघराच्या दारात,
जरासुद्धा न हलता.
एक बोट, त्याचाही शेंडाच,
भिंतीला लागलेला.

"अगं, धर की नीट!"

"कशाला?
बोटाला कलतंय अजून.
त्ये सांगतंय पायांना."

आणि बोट भिंतीवरून सरकवत
पाणी प्यायला गेली.