ओळंबा

न्यागोंद्वे बाईंनी पहिल्या दिवशी
वही मिटायला लावली.
मी त्यात आमचं रान काढून आणलं होतं, रंगीत पेन्सिलींनी:
इथे तळं, इथे तूर, इथे कोंबड्यांचं खुराडं,
वर कोपऱ्यात न्यिकाचं पठार, निळं.
"छान आहे," म्हणाल्या, "पण यात उतार कुठाय?"

उतार काढायचा राहिला होता.

मग तीन काठ्या. दोन माणसाच्या उंचीच्या, एक आडवी,
सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेल्या.
शेंड्यावरून सुतळी, सुतळीला दगड.
"हा खोटं बोलत नाही, लुसुंगु. तू बोलशील.
म्हणून पाय उलटसुलट ठेवून त्याला दोनदा विचारायचं.
दोन खुणांच्या बरोब्बर मधे जी येईल, ती पातळी."

बाबांच्या सऱ्या
टेकडीवरून थेट खाली, अगदी सुतात.
रुम्फीच्या रस्त्यानं जाणारे
सायकली थांबवून बघत.
आणि मी त्यांच्यावरून आडवी निघाले,
तीन काठ्यांचं भूत पावलं टाकत पुढे,
दगड मधोमध स्थिरावला की खुंटी,
पुन्हा पाऊल, पुन्हा खुंटी.
मागे वळून पाहिलं तर रांग
साप सरपटून गेल्यासारखी.
"कुणी पिऊन सही केलीय," बाबा म्हणाले
आणि शेळ्यांमागे निघून गेले.

"पाण्याला पळायला शिकवावं लागत नाही," बाई म्हणाल्या,
"पळणं ते ढगातूनच शिकून येतं.
आपण नुसती बसायला जागा द्यायची.
पाहुणा टेकला, की काहीतरी ठेवूनच जातो."

चर खणला, गुडघाभर. माती खालच्या अंगाला.
मातीवर वाळा, वाळ्यामागे तूर,
तुरीच्या पायाशी भोपळा, वाटेल तिकडे जायला मोकळा.
पर्माकल्चर हा शब्द मी तेवढ्या दिवसांत
एकदाही उच्चारला नाही.
तळहातांना नऊ फोड आले. ते मोजले.

जानेवारीतल्या एका रात्री पत्र्यावर इतका वाजला
की शेजारी झोपलेल्या बहिणीचं बोलणं ऐकू येईना.
सकाळी चरात चहाच्या रंगाचं पाणी,
ताटात वाढल्यासारखं सपाट,
पहिल्या खुंटीपासून थेट शेवटच्या वाकणापर्यंत.

वाकणाशी बांध फुटला होता.

चार बोटांचा फरक.
सुतळी ओली होऊन लांबली होती, दगड खाली टेकत होता,
आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.
भुईमुगाचे अकरा वेल
म्हांगोंच्या मक्यात जाऊन पडले होते.

वाटलं, बाई बुजवायला सांगतील.
त्या फुटल्या जागी उकिडव्या बसल्या,
चिखलात बोट बुडवून किती खोल जातंय ते पाहिलं.
"तुझी चूक पाण्याला बरी सापडली!
आता सांग, इथे काय लावशील,
ज्याची तहान कधी भागतच नाही?"

केळ.

खड्ड्यात मक्याची धाटं, राख, लेंड्या,
बाबांची फाटकी टोपीसुद्धा, नजरचुकीनं.
कडेनं तीन कंद.

बाबांनी विचारलं काहीच नाही.
संध्याकाळी चरापाशी काठी घेऊन उभे दिसले.
काठी बुडवली, काढली, ओल्या रेघेवर अंगठा ठेवला,
दहा पावलं जाऊन पुन्हा बुडवली.
अशी पाच ठिकाणी.
सरळ सऱ्यांबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

यंदा दुसरी ओळ आखायची आहे, वरच्या अंगाला.
कोपऱ्यातून काठ्या काढल्या
तर सुतळी नवी, मेण चोळलेली.
दगडही बदललेला: गोल, जड, नदीतला.
मी आणला नव्हता.

बघायला कुणी आलं की मी चर दाखवते,
वाळ्याची मुळं उपसून दाखवते.
बाबा त्यांना केळीखाली नेतात,
घडाला खालून हात लावून वजन घेतात
आणि म्हणतात,
"ही लेकीची चूक."