बारा बाय पंधरा

भुसावळहून अस्लमभाईंचा फोन :
"ताई, जागा किती?"
मी सुतळी घेऊन परसात.
धुण्याच्या तारेपासून हौदापर्यंत बारा फूट,
पुढे लिंबाचं झाड, खाली त्याचे काटे.
हवेच्या किल्ल्याला काटे चालत नाहीत.

गिरधर भावजींना मात्र भरीत हवं,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, तेही परसातच.
ठिणगी उडाली तर?
शेवटी वांगी गल्लीत गेली,
भावजी रुसून गच्चीवर.

रविवारी लाईट तीनला जाते. पंखा थांबला
की अख्खा किल्ला मान टाकतो म्हणे.
सावद्याच्या मामांचं जनरेटर सांगून ठेवलं.
केळीची पानं चाळीस.
डिपॉझिट हजार, फाटला तर वेगळे.
"हवेचं भाडं देतेस?" सासरे हसले,
आणि उठून सुतळीचं दुसरं टोक धरलं.

"एका वेळी आठ पोरं," अस्लमभाई सांगतात,
"मोठ्यांना मनाई."
मी लिहून घेतलं.

मग दार लोटून, हळूच :
"रात्री, हेमांगी झोपल्यावर… एकच बाई?
वजन बासष्ट."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"बांगड्या काढून ठेवा, ताई."