पायाळू

पाण्याची निळी बाटली, वीस लिटरची,
दुकानात परत करायची राहून गेलेली.
गरम सुरीनं बूड कापलं, काठाला तीन भोकं.
तोंडात स्पंजची चकती, मधोमध चीर.
टोमॅटोच्या रोपाला मल्याळी पेपरची सुरळी घातली,
पानं दुखू नयेत म्हणून,
आणि बाटलीच्या गळ्यातून हळूच खाली ओढलं.
डोकं आधी.
"आलं गं बाई, सुखरूप," मी सुईणीच्या आवाजात म्हणालो.
खोलीत मराठी कळणारा इलियास एकटा. तो हसला.

मी स्वतः पायाळू.
संगमेश्वराकडं कुणाच्या पाठीत चमक भरली
की मला झोपेतून उठवून नेत, पाय लावायला.
ढग गडगडले की आई उंबऱ्याबाहेर सोडायची नाही,
पायाळूवर वीज पडते म्हणून.
फहाहीलला वीज फारशी पडत नाही.
इथं रिफायनरीच्या ज्योतीकडं बघून
आम्ही वारा कुठला ते ओळखतो.

इलियास मुकादम रिगर. त्यानं छतात बोल्ट मारला,
ओल्या मातीचं वजन विचारलं,
आणि आधी तांदळाच्या दोन पिशव्या रात्रभर टांगून ठेवल्या.
"लोड टेस्ट."
मग हर्णैला होडी बांधतात
ती गाठ.
पाणी एसीच्या नळीचं,
थेंब थेंब, फुकट, जरा गंजाच्या वासाचं.

आठव्या दिवशी शेंडा वळला.
खाली सोडलेला, तो वर निघाला,
मासे धरायच्या गळासारखा.
थंकप्पन म्हणाला, बघ, आपल्यासारखंच—
मी म्हटलं, थांब. त्याला टोमॅटोच राहू दे.
मी दिवसभर डोक्यावरचे सांधे वेल्ड करतो,
वितळलेलं लोखंड छातीकडं यायला बघतं,
आर्क आखूड धरला तर थांबतं.
उलट्याविषयी मला एवढंच माहीत आहे.

डिसेंबरात इमारतीचा हारिस आला, अब्दुल मोनीम.
बाल्कनीत काही लटकवायचं नाही,
बलदियावाले दंड लावतात.
बोलता बोलता त्यानं बोटानं माती दाबून पाहिली.
दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या कबुतरांचं खत
दह्याच्या डब्यातून घेऊन आला.
दंडाचं पुढं कुणी काढलं नाही.

फेब्रुवारीत तीन टोमॅटो. माणसं चार.
सार करायचं तर तीन कुठं पुरणार,
म्हणून जॉर्डनचे किलोभर आणले, त्यांत हे टाकले,
आणि चौघांनीही शपथेवर सांगितलं
की चव आहे ती आपल्याच तिघांची.

मेच्या पहिल्या आठवड्यात पानांचा कागद झाला.
बाटली उतरवताना थंकप्पनच्या पाठीत चमक भरली.
सतरंजीवर पालथा पडला, कण्हत.
मी बूट काढले. मोजे काढले.
डावा पाय त्याच्या कमरेवर टेकवला, तीनदा.
"कुठं शिकलास हे?"
"येताना," मी म्हणालो.
इलियासनं त्याला हिंदीत सगळं समजावलं.
थंकप्पन उठून बसला,
आणि बराच वेळ माझ्या पायांकडं बघत राहिला.