तारांकित रकाना

दुकानात दोर, गळ, बोटींचा रंग, रबरी बूट.
डिसेंबरात ईसाफ्योर्दुरला अकराला उजाडतं, साडेतीनला मिटतं.
तेवढ्या वेळात मी गिऱ्हाइकं एकमेकांना जोडते.

रेक्याविकहून नवी प्रणाली आलीय.
तिला वाटतं, एक आडनाव म्हणजे एक घर.
तिला कोण सांगणार, आमच्याकडे आडनावच नसतं,
बापाचं नाव असतं, आणि पुढे मुलगा की मुलगी एवढंच.
एका टेबलाशी जेवणारे चौघं, चौघांच्या नावांना निराळी शेपटं.
पहिल्याच आठवड्यात तिनं
गावातले सगळे गुन्नार्सन एका कुटुंबात कोंबले:
पाद्री, परगावचा एक सुतार, आणि दोन हाडवैरी.
वैऱ्यांना मिळून एकच बिल गेलं.
त्या दिवशी फोन मी उचलला.

आज विचारतेय:
केटिल थोर्गिल्सन, आणि केटिल थोर्गिल्सन.
पत्ता तोच. फोन तोच. बोट तीच.
हा एकच माणूस आहे का? विलीन करू?
खाली बारीक अक्षरांत,
विलीन केलेलं पुन्हा सुटं करता येत नाही.

एक आजोबा आहे, एक नातू.
मधला थोर्गिल्स
एकाचा मुलगा, दुसऱ्याचा बाप,
आणि सतरा वर्षं माझा नवरा.
म्हातारा आता वृद्धाश्रमात, खिडकीशी.
त्याच्या नावे चाळीस वाव दोर बाकी आहे,
बँका बुडाल्या त्या हिवाळ्यातला.
अधूनमधून फोन करतो, "उधारी राहू दिलीयस ना?"
मी लेकाला म्हटलं, फेडून टाक एकदाची.
तो म्हणाला, मग आजोबा तुला फोन कशाला करतील?

मी 'नाही' दाबलं.
नातं निवडा, म्हणाली. यादीत सात नाती.
आजोबा त्यात नाही.
'इतर' निवडलं.
इतरमध्ये माझं निम्मं गाव आहे.

मग न विचारता माझीच नोंद उघडली.
स्टेनव्हर हाल्सदोत्तिर.
नातं: पत्नी. कुणाची: थोर्गिल्स केटिल्सन.
समाप्तीची तारीख, आणि पुढे लाल तारा.
भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कुठली भरू?
सह्या झाल्या ती मार्चमधली?
की तो टेबलावरून उठला, स्वतःचा कप विसळून
पाहुण्यासारखा पालथा घातला, ती?
की त्याच्याही आधीची कुठली तरी,
जी आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही?

बोटीवर नाव अजून माझंच आहे.
दर मे महिन्यात तो ते नव्यानं रंगवतो.
रंग इथूनच नेतो.
रोख देतो, पावती घेत नाही.

आजची तारीख टाकली. खोडली.
उद्याची टाकली.
भविष्यातली तारीख चालत नाही, म्हणाली.

साडेतीन झाले.
दिवा मालवला, कुलूप लावलं.
सकाळी पडदा उजळला
की आधी तीच नोंद उघडेल.