चावी

पाणी पाचव्या दिवशी येतं.
काल सहावा होता.
म्हणून साखर पेठेत, नरहरी गुंडल्याच्या सलूनमध्ये
दाढीला बसलेल्या माणसानं
देश लष्कराला देऊन टाकला.
फेसातूनच म्हणाला,
"सहा महिने मिल्ट्री आणा ओ, सहाच महिने.
बघा कसं सुतासारखं सरळ होतंय."

सुतासारखं म्हणाला.
शेजारीच माग खडखडत होते,
सूत तुटत होतं, कुणीतरी गाठ मारत होतं,
माग पुन्हा चालू.

मी बाकावर होतो. महापालिकेचा चावीवाला.
व्हॉल्व्हची लांब चावी भिंतीला टेकवलेली.
ती सगळ्यांनी बघितली
आणि न बघितल्यासारखं केलं.

इराप्पा बिराजदार म्हणाला,
"बर्फात उभी राहतात ती माणसं,
त्यांना एक नळ सोडायला येईना व्हय?"
गफूर नदाफ म्हणाला,
"रांगेत तरी उभं करतील. नगरसेवकाला पण."
येमूलचा पोरगा मोबाइलातून मान वर न काढता,
"इलेक्शनचा खर्च वाचतंय की."
मग बिराजदारानं हात वर करायला लावले.

नऊ माणसं. सात हात.
आठवा नरहरीचा, वस्तऱ्यात अडकलेला.
नववा माझा. अर्धा वर गेला.
खोटं कशाला बोलू?
परवा रात्री अडीचला साहेबांचा फोन आला,
आमच्या लाइनला वीस मिनिटं जास्त सोड,
आणि मी सोडली.
पलीकडच्या बोळात बादल्या रिकाम्या वाजल्या.
तेव्हा वाटलं, यावं बाबा कुणीतरी बूट वाजवत,
माझ्या हातातली ही चावी काढून घ्यावी.

खुर्चीतला पुन्हा काही सांगायला लागला.
नरहरी म्हणाला, "आता बोलू नका मालक,
वस्तरा गळ्यावर आहे."
तो गप्प झाला.
आरशातले आम्हीही, का कोण जाणे.

आमच्या घरात एक शब्द होता, मार्शला.
पणजी यल्लव्वाचा. पोर रडलं की,
दिवा मोठा झाला की, दाराशी कुणी हसलं की,
"हळू. मार्शला हाय."
तीस सालचा तो मे सरून चाळीस वर्षं झाली
तरी तिच्यापुरता तो होताच.
पणजोबाची पांढरी टोपी तिनं
रंगाच्या हौदात बुडवली, चादरीच्या लालात.
तरी त्याला चौकात धरलं.
काय चुकलं ते त्यानं विचारलं नाही.
कुणाला विचारायचं,
हेही कुणाला विचारता येत नव्हतं.

हे मी सलूनमध्ये सांगितलं.
गफूर म्हणाला, "ते गोरे ओ. हे आपले."
खरं आहे. मला उत्तर सुचलं नाही.
बाहेर रिक्षावाला ओरडत होता,
"चार पुतळा, चार पुतळा, एक सीट!"
एक सीट भरली, रिक्षा गेली.

रात्री दोनला झाकण उचललं, चावी लावली.
वरच्या खिडकीतून कोंडाबाई,
"काय बे चावीवाल्या, मेलतास काय?
तुझ्या त्या कमिशनरला आण हिकडं,
त्याच्या डोक्यावर घागर फोडते!"
पुढं माझ्या बापापर्यंत गेली, आजोबापर्यंत,
सगळा पेठ जागा होईल अशा आवाजात,
दिवा लावून, खिडकी सताड उघडी टाकून.
पणजीनं ऐकलं असतं तर
धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

"येऊलालंय मावशी," मी म्हणालो.

नळातून आधी हवा आली, शिट्टी मारत.
दहा आटे. अकरा. बारा.
खिशात फोन थरथरायला लागला.
साहेबांचाच असणार.
दोन्ही हात चावीवर होते.
वर कोंडाबाई अजून थांबली नव्हती.