वाटणी

मी न्यायनिवाडा करायला आले नव्हते.
व्हॅनमध्ये दोन नव्या नळ्या, पाने, ग्रीसचा डबा
आणि तक्रारीचा कागद:
मिथेन एक्क्याऐंशीच्या वर चढत नाही.
खाली सही, आउके रिन्स्मा.
फ्रीसलंडची जमीन इतकी सपाट
की मी वळणावर असतानाच तो फाटकाशी येऊन उभा,
आणि चराच्या पलीकडे, दुसऱ्या फाटकाशी,
त्याचा भाऊ गात्से. हातात बादली, नजर बादलीत.

गेल्या मे महिन्यात वाटण्या झाल्या.
गायी गात्सेच्या. टाकी आणि वायू आउकेचा.
शेण चराखालच्या पाइपातून येतं,
हिशोब वकिलामार्फत.
एकशे साठ गायी.
त्यांना कुणी काही विचारलं नाही.

नळी म्हणजे पोलादी नळकांडं, माझ्या उंचीचं.
आत हजारो पोकळ धागे, शेवयांहून बारीक,
दोन्ही तोंडांशी राळेत पक्के बसवलेले.
धाग्याच्या भिंतीला भोकं आहेत, असं मी गिऱ्हाइकाला सांगते.
ती मी पाहिलेली नाहीत, अठरा वर्षांत एकदाही.
काय पार झालं, काय अडलं, यावरून मानायची.
कार्बन डायऑक्साइड वजनाने जड, पण अंगाने सडपातळ,
कूस वळवून निसटतो.
मिथेन हलका, पण खांदे रुंद. तो मागे राहतो,
आणि आपल्याला हवा असतो तोच.
पीठ चाळताना खाली पडतं ते आपलं.
इथे, पडलं नाही ते.

मी आधी कोळशाचं पिंप उघडलं.
सडक्या अंड्यांचा भपकारा थेट डोळ्यांत.
आउके शेजारी उभा, चेहरा कोरा:
रोजचा वास नाकाला येईनासा होतो.
कोळसा कधीचा?
तो गप्प.
मग चराच्या पलीकडून, न विचारता, उत्तर:
गाळणी ज्याची, कोळसा त्याचा!
अलीकडून: घाण कुणाच्या गायींची?
चाळणीने सुईला भोकावरून बोलावं
तसं चाललं होतं, वाऱ्यावर, बराच वेळ.
वाटणीपत्र एकोणीस पानांचं.
त्यात ढकलगाडी होती, दोन शिड्या होत्या,
आईचं शिवणयंत्रसुद्धा होतं.
कोळसा नव्हता.

जुनी नळी मी गवतावर कापली.
धागे फुटले नव्हते. फुटले असते तर सोपं,
फुटलेलं दिसतं.
हे नुसते फुगले होते, मऊ पडले होते,
येईल त्याला आत घेत होते,
जड, हलका, आपला, परका,
कुणालाच अडवत नव्हते.
ऐकायला हे चांगुलपण वाटतं.
आमच्या धंद्यात याला नळी मेली म्हणतात.
एक वासरू येऊन धागे हुंगून गेलं.

नव्या नळ्या बसवायला दुपार झाली.
कोळशाची गोणी पंचवीस किलोंची,
शेडमध्ये ओल लागून बूड कुजलेलं.
मी पिंपात डोकं घालून बोल्ट मोजत होते
तेव्हा चरावरची फळी वाजली.
बूट चिखलातून निघाल्याचा आवाज.
मग मागे कुणीतरी म्हणालं, धर.
नुसतं तेवढंच.
कोण म्हणालं, सांगता येणार नाही.
दोघांचा आवाज एकच आहे,
घोगरा, शेवटी जरा खाली पडणारा,
आणि मी पाठमोरी होते.

मीटर चढला. चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी,
अठ्ठ्याऐंशीवर अडखळला, थांबला,
मग एकोणनव्वद.
शेडपाशी बादली एकटीच उभी.
बिलावर नावाचा रकाना राहून गेला.
उद्या ऑफिसातून फोन येईल.