थंडीचं बुकिंग

मे महिना, रात्रीचे साडेनऊ.
गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं
ते चर्र करून कुठं गेलं कळलं नाही.
तिथंच चटई टाकून आम्ही
एकतीस डिसेंबरचं जेवण ठरवतोय.

अंबादासच्या मोबाईलमध्ये डोंगर आहे.
डोंगराच्या कडेला रिसॉर्ट, हिरवळीवर टेबलं,
प्रत्येक टेबलावर पेल्यात एक मेणबत्ती.
"गाला डिनर," तो वाचतो, "माणशी अठराशे."
"माणशी, का घराला?" आई विचारते.
अठराशेला किती विड्या, हे ती बोलत नाही,
फक्त अंगठा बोटांवरून फिरायला लागतो,
पान नसताना, तंबाखू नसताना.

डोकी मोजली. अकरा.
पद्मजाचा नवरा आला तर बारा,
आणि तो येतोय हे कळलं तर दहा.

मेनूत थाई काहीतरी आहे,
आपल्या समोर करून देणारा पास्ता आहे.
राजेश्वरीनं तेवढ्यात यादी केलीसुद्धा :
कडक भाकरी दोन चवडी, शेंगाची चटणी अर्धा किलो,
दही सातारला घेऊ.
"वहिनी, बाहेरचं खाणं चालत नाही तिथं."
"बाहेरचं कुठंय," आई म्हणते, "घरचंय की."

मग मेहबूबची टेम्पो ट्रॅव्हलर, डिझेल वेगळं.
मग पसरणीचा घाट, आणि घाटात वेदांतची उलटी,
म्हणून लिंबू, म्हणून पुढची सीट,
पण पुढची सीट नानांची.

नाना अजून काहीच बोललेले नाहीत.
चौतीस वर्षं मागावर उभं राहून चादरी विणल्या,
खटका कानात राहिला, बाकीचं ऐकू येणं गेलं.
जाड चादरी, दोन्ही बाजूंनी मोर,
ट्रकात भरून कुठं कुठं गेल्या.
आमच्याकडं एकच आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर.
तिच्यातल्या एका मोराला पाय नाही,
म्हणून ती मालात गेली नाही.
आम्ही कुणी ती कधी पांघरली नाही.
सोलापुरात चादर उशाला घेतात,
पहाटे एखादा तास पायावर, डिसेंबरात,
तेही पंखा बंद करायचा कंटाळा म्हणून.

घरात आम्ही तेलुगू बोलतो.
थंडीला चली म्हणतो.
लहानपणी मला वाटायचं,
थंडी म्हणजे कुठंतरी निघायचं असतं.

अंबादासनं फोन लावला, स्पीकरवर टाकला.
पलीकडची मुलगी फार गोड बोलली :
पाच वर्षांखालचे फ्री, सर,
सीनियर सिटीझनला दहा टक्के, सर.
इतक्यात नानांनी हात पुढं केला. फोन घेतला.
मागाच्या शेडमध्ये बोलत तसं ओरडून विचारलं,
"थंडी किती असती तिथं, रात्री?"
"खूप असते, काका. पण काळजी करू नका,
आम्ही रूममध्ये ब्लँकेट देतो."
"कुठलं?"
"म्हणजे?"
"ब्लँकेट कुठलं? कुठं विणलेलं? लेबल बघा."

ती हसली असती तर बरं झालं असतं.
ती खरंच उठली.
चपलांचा आवाज लांब गेला,
एक दार उघडलं, मिटलं.
आम्ही नऊजण फोनकडं बघत बसलो
अठराशे रुपये माणशी विसरून.

"काका," ती परत आली, थोडी धापा टाकत,
"पानिपत लिहिलंय."

नानांनी फोन अंबादासकडं दिला.
बराच वेळ पाठ खाजवली.
खाली गल्लीत कुणाचा तरी कूलर
भरला जात होता, पाइप सारखा निसटत होता.

"अकरा लिही," म्हणाले.
"आणि मेहबूबला सांग,
मागं एका गाठोड्याला जागा ठेव."

आई तेवढ्यात जिना उतरून गेलीसुद्धा.
वरच्या फळीवर तिचा हात पोचत नाही,
स्टूल ओढल्याचा आवाज आला.
मे महिन्यात, साडेदहाला,
ती चादर उन्हात टाकायला काढत होती.